फादर माक्सिमिलियन हेल यांचे चरित्र व त्यांच्यावरील आरोप
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संतांची चरित्रे सांगावी, देऊळ उभारणाऱ्या पूर्वजांची नावे कृतज्ञतेने घ्यावी, असा आपला रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. ते कार्य आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी ह्याच व्यासपीठावरून उत्तम रीतीने केले आहे. आम्ही आज ज्या पुरुषाची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहो, तो संतपदाला चढलेला नाही. त्याच्या नावाची वेदी आमच्या ऐकिवात नाही. तो एक येशूसंघीय धर्मगुरु होता, गणिती होता, ज्योतिर्विद होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याला लबाड ठरविण्यात आले आणि जवळजवळ अर्धे शतक तो कलंक त्याच्या नावाला चिकटून राहिला. तो कलंक कसा लागला व कसा पुसला गेला, हे सांगण्यासाठी आम्ही आपला थोडा वेळ घेत आहो. विषयात आकडे येतील. पण श्रोत्यांनी भिऊ नये, ते मोजकेच आहेत.

ह्या धर्मगुरूचे नाव माक्सिमिलियन हेल. इंग्रजी शिकलेली मुले हे नाव ऐकून हसतील, कारण इंग्रजीत ह्या उच्चाराच्या शब्दाचा अर्थ नरक. परंतु फादर हेल यांच्या घरी जर्मन भाषा बोलत, आणि जर्मन भाषेत त्याच शब्दाचा अर्थ आहे तेजस्वी, उजळ. तेव्हा नावावरून माणूस पारखू नये, हे येथपासूनच लक्षात ठेवावे.

त्यांचा जन्म 15 मे 1720 रोजी हंगेरीच्या राज्यातील शेल्मेत्स्बान्या ह्या खाणींच्या गावी झाला. हे गाव आज स्लोव्हाकिया देशात असून बान्स्का श्त्याव्नित्सा ह्या नावाने ओळखले जाते. तेथे चांदीच्या खाणी होत्या, आणि खाणी जसजशा खोल जात तसतसे त्यांत पाणी भरे. ते उपसण्याची यंत्रे बांधणे हा त्यांच्या वडिलांचा, मात्थेउस कोर्नेल हेल यांचा, व्यवसाय. वडील बंधू योझेफ कारोल हेही त्याच विद्येत निष्णात निघाले. पाण्याच्याच दाबावर चालून खाणीतील पाणी वर खेचणारे त्यांचे यंत्र युरोपभर नावाजले गेले. म्हणजे ज्या घरात बाप व भाऊ जमिनीच्या पोटात डोकावत होते, त्याच घरातील एक मुलगा आकाशाकडे पाहू लागला. चाके, दांडे, मोजमापे ह्यांची ओळख त्याला पाळण्यापासून होती. आणि पुढे वेधशाळेची उपकरणे हाताळताना ती फार उपयोगी पडली असावी, असे आम्हांस वाटते.

1738 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी ट्रेन्चीन येथे येशूसंघात प्रवेश केला. व्हिएन्ना येथे तत्त्वज्ञान, गणित व धर्मशास्त्र यांचे अध्ययन चालू असतानाच संघाच्या तेथील वेधशाळेत फादर योझेफ फ्रान्त्स यांच्या हाताखाली ते काम करू लागले. गुरुदीक्षा झाल्यावर 1752 साली त्यांना कोलोझ्वार येथे गणिताचे अध्यापक म्हणून पाठविण्यात आले. हे शहर आज रुमानियात असून क्लूज म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे तीन वर्षांत त्यांनी वेधशाळेचा पाया घातला. 1755 साली महाराणी मारिया थेरेसा हिच्या राजवटीत व्हिएन्नाच्या विद्यापीठासाठी नवी वेधशाळा उभी राहिली, आणि तिचे प्रमुखपद ह्या पस्तीस वर्षांच्या धर्मगुरूकडे आले. ते त्यांनी मरेपर्यंत, सदतीस वर्षे, सांभाळले.

व्हिएन्नातील त्यांचे नित्याचे काम म्हणजे ग्रहगणिताचे वार्षिक पुस्तक काढणे. त्याला आपल्याकडील पंचांगाच्या जातीचे म्हटले तरी चालेल. फरक इतकाच की त्यात मुहूर्त नसत, चंद्र, सूर्य व ग्रह यांची स्थाने असत, आणि शेवटी निरनिराळ्या ठिकाणचे वेध जोडलेले असत. 1757 पासून हे पुस्तक दरवर्षी लॅटिन भाषेत निघत असे. हे काम किती कंटाळवाणे आहे, हे ज्याने एका महिन्याचेही ग्रहगणित हाताने केले आहे त्यालाच कळेल.

त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण पुढे आरोपाचा विचार करताना ती आठवावी लागेल. त्या काळी शुक्राला एक चंद्र आहे, असे काही नामांकित निरीक्षकांनी दुर्बिणीतून पाहिल्याचे जाहीर केले होते. फादर हेल यांनाही एकदा तसे काही दिसले. दुसऱ्या कोणी ताबडतोब शोधाचा डंका पिटला असता. ह्यांनी डोळा थोडा हलवून पाहिला, तो शुक्राचा 'चंद्र'ही हलला! मग त्यांनी प्रयोग करून दाखविले की निरीक्षकाच्या डोळ्याच्या बाहुलीवरून परावृत्त झालेला प्रकाश दुर्बिणीच्या भिंगावर पडून ही खोटी प्रतिमा उठते. 1765 साली त्यांनी ह्यावर निबंध लिहिला. शुक्राला चंद्र नाही, हे आता सर्वमान्य आहे.

आता शुक्राचीच मोठी गोष्ट. शुक्र कधी कधी पृथ्वी व सूर्य यांच्या नेमका मध्ये येतो आणि सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत जाताना दिसतो. ह्यास शुक्राचे अधिक्रमण म्हणतात. ते आठ वर्षांच्या अंतराने दोनदा होते व नंतर शंभराहून अधिक वर्षे होत नाही. फादर हेल यांच्या काळात ते 1761 व 1769 साली झाले. पुढे 1874 व 1882 साली. आणि आपल्यापैकी पुष्कळांनी 2004 व 2012 सालचे पाहिले असेल. पुढचे 2117 साली आहे. ते आपल्या नातवंडांच्या मुलांसाठी.

ह्या ठिपक्याला एवढे महत्त्व कशासाठी? इंग्लंडचे हॅली यांनी 1716 साली असे मांडले होते की पृथ्वीवरील एकमेकांपासून फार दूर असलेल्या ठिकाणांहून हे अधिक्रमण पाहिले, तर शुक्र सूर्यबिंबावरून किंचित वेगवेगळ्या रेषांनी गेलेला दिसेल, आणि त्यामुळे बिंब ओलांडण्यास लागणारा वेळही वेगळा येईल. वेळेतील ह्या फरकावरून सूर्याचे लंबन काढता येते, आणि लंबन कळले की सूर्य पृथ्वीपासून किती दूर आहे हे कळते. हे एक अंतर कळल्यावाचून ग्रहांची खरी अंतरे कोसांत सांगता येत नव्हती. म्हणून 1769 साली युरोपातील राजांनी आपले ज्योतिषी पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांस पाठविले. इंग्रजांचे कॅप्टन कुक ताहिती बेटावर गेले. फ्रेंच धर्मगुरु शाप्प द'ओतेरोश कॅलिफोर्नियात गेले. वेध यशस्वी झाला, परंतु साथीच्या रोगाने 1 ऑगस्ट 1769 रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. लॅपलंडच्या बाजूला, अगदी उत्तरेस, कोणीतरी जाणे अवश्य होते. तो मुलूख डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता.

राजा सातवा ख्रिस्तियान याने त्या कामासाठी फादर हेल यांस निमंत्रण दिले. ह्यातील नवल असे की डेन्मार्क व नॉर्वे ही लुथरच्या पंथाची राज्ये. तेथे येशूसंघीय धर्मगुरूंस प्रवेश करण्याचीही कायद्याने मनाई होती. ती मनाई बाजूस ठेवून प्रॉटेस्टंट राजा एका जेझुइटास बोलावतो आणि सर्व खर्च आपण सोसतो, ह्यावरून त्या माणसाच्या विद्येची ख्याती केवढी असेल ते दिसते.

28 एप्रिल 1768 रोजी ते व्हिएन्नाहून निघाले. बरोबर संघाचेच एक हंगेरियन धर्मबंधू होते, फादर यानोश शाइनोविच. कोपनहेगनहून त्रोन्धेम, आणि तेथून समुद्रमार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने वादळे सोशीत वार्डो बेटापर्यंत. पोहोचले ते 11 ऑक्टोबर रोजी, म्हणजे निघाल्यापासून साडेपाच महिन्यांनी. वार्डो हे सत्तर अक्षांशांच्याही पलीकडे आहे. तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. त्या अंधारात व थंडीत त्यांनी वेधशाळा बांधून घेतली, घड्याळे लावली, ताऱ्यांवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश काढले, हवामान व चुंबकसूचीची टिपणे ठेविली, आणि आठ महिने सहा तासांच्या एका घटनेची वाट पाहिली.

वार्डो येथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. म्हणूनच ही जागा निवडली होती. 3 जून 1769 रोजी रात्री नऊनंतर शुक्र सूर्यबिंबात शिरावयाचा व पहाटे तीननंतर बाहेर पडावयाचा. आकाश ढगाळ होते. परंतु शिरण्याच्या वेळी ढग बाजूस झाले. मधला पुष्कळ काळ सूर्य झाकला गेला. आणि बाहेर पडण्याच्या वेळी पुन्हा मोकळे झाले. जे दोन क्षण अवश्य होते तेच दोन मिळाले. फादर हेल, फादर शाइनोविच व त्यांचे नॉर्वेजियन सहायक बोर्शग्रेविंक अशा तिघांनी स्वतंत्रपणे वेळा टिपल्या. पुढे ताहितीच्या वेळेशी ताडून पाहता अधिक्रमणाच्या कालात वीस मिनिटांहून अधिक फरक आढळला. हॅली यांनी जे कागदावर सांगितले होते ते हेच.

ढगांचा खेळ कसा असतो पहा. त्याच वेळी आपल्या हिंदुस्थानात, पाँडिचेरीस, ल जान्तील नावाचे फ्रेंच ज्योतिषी दुर्बीण लावून बसले होते. 1761 सालचे अधिक्रमण पाहण्यास ते निघाले, तो पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली, आणि तो दिवस त्यांना हलत्या जहाजावर काढावा लागला. मग पुढच्यासाठी ते ह्याच समुद्रांत आठ वर्षे राहिले. 4 जून 1769 ची सकाळ उजाडली आणि पाँडिचेरीवर ढग आले. शुक्र निघून गेल्यावर ऊन पडले. ते 1771 साली मायदेशी परतले तेव्हा लोकांनी त्यांना मृत समजून त्यांची मालमत्ता वाटावयास काढली होती. दोघेही तितकेच कष्टाळू, तितकेच विद्वान. एकाला ढगांनी वाट दिली, दुसऱ्याला दिली नाही.

फादर शाइनोविच यांनी त्या मुक्कामात आणखी एक काम केले. लॅपलंडच्या लोकांची भाषा ऐकून, तिची हंगेरियन भाषेशी तुलना करून, ह्या दोन भाषा एकाच कुळातील आहेत असे त्यांनी सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ 1770 साली निघाला. भाषांचे नाते शास्त्रीय रीतीने दाखविणाऱ्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यांच्या देशातील अभिमानी लोकांना मात्र मासे खाऊन राहणाऱ्या गरीब लोकांशी हे नाते मुळीच रुचले नाही! कुळाचा अभिमान सगळीकडे सारखाच.

आता ज्या गोष्टीने पुढे घात केला तिच्याकडे वळू. फादर हेल यांनी आपल्या वेळा लगेच सर्वांस कळविल्या नाहीत. ज्या राजाने पाठविले त्याच्यापुढे आधी निवेदन करणे त्यांना कर्तव्य वाटले. म्हणून कोपनहेगनला परत येऊन तेथील विद्वत्सभेपुढे त्यांनी ते वाचले आणि 1770 च्या आरंभी छापले. तोपर्यंत पॅरिसचे प्रसिद्ध ज्योतिषी लालांद अधीर झाले होते. इतर ठिकाणचे आकडे पाहून त्यांना जुळतील असे आकडे हा जेझुइट बसवीत तर नसेल, अशी कुजबुज सुरू झाली. फादर हेल यांनी सर्व वेध एकत्र करून लंबन काढले ते 8.70 विकला. अंशाचा साठावा भाग कला व कलेचा साठावा भाग विकला. इतके हे सूक्ष्म माप. त्यावरून सूर्याचे अंतर सुमारे 15 कोटी 10 लाख किलोमीटर येते. आज मानलेले लंबन 8.794 विकला व अंतर 14 कोटी 96 लाख किलोमीटर. शंभरात एकाएवढीच चूक! फादर हेल वारल्यावर स्वतः लालांद यांनीही त्यांच्या वार्डोच्या वेधाची गणना अत्यंत मोलाच्या वेधांत केली.

1773 साली पोप 14 वे क्लेमेंट यांनी येशूसंघ विसर्जित केला. ज्या संघात त्यांनी पस्तीस वर्षे काढली तो एका आज्ञेने नाहीसा झाला. वेधशाळेचे पद राहिले. परंतु सोबतीचे धर्मबंधू पांगले, संघाची विद्यालये व वेधशाळा परक्या हाती गेल्या. उत्तरेच्या प्रवासाचा तीन खंडांचा जो मोठा ग्रंथ त्यांनी योजिला होता, तो कधीच निघाला नाही. तो निघता तर मूळ टिपणे जगापुढे आली असती आणि पुढचा सारा अनर्थ कदाचित टळला असता. तरी त्यांनी हात आवरला नाही. हंगेरीत एगेर येथे बिशप एस्तरहाझी यांनी उभारलेल्या वेधशाळेस त्यांनीच साहाय्य केले. लोहचुंबकाने रोग बरा करण्याच्या प्रकरणात मेस्मेर नावाच्या वैद्याशी त्यांचा वर्तमानपत्रांतून वादही झाला. चुंबक तयार करून देणारे हेल आणि नाव मेस्मेरचे, असा तो तंटा होता, आणि आमच्या मते त्यात कोणाचीच शोभा वाढली नाही. 14 एप्रिल 1792 रोजी व्हिएन्ना येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे दफन जवळच्या मारिया एन्त्सर्सदोर्फ गावी आहे.

त्रेचाळीस वर्षे गेली. 1835 साली व्हिएन्नाच्या त्याच वेधशाळेतील कार्ल फोन लित्रो ह्या चोवीस वर्षांच्या ज्योतिर्विदाने फादर हेल यांची हस्तलिखित वही मिळवून तिचा काही भाग छापला, आणि जाहीर केले की वेधाच्या वेळा मागाहून बदललेल्या आहेत. मूळचे आकडे खोडून त्यांवर वेगळ्या रंगाच्या शाईने दुसरे लिहिलेले आहेत. झाले! जुनी कुजबुज होतीच, तिला आता पुरावा मिळाला. एकोणिसाव्या शतकात जेझुइट म्हटले की कपटी, असे समजणाऱ्यांची युरोपात उणीव नव्हती. फादर हेल यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात बनावट वेधाचे उदाहरण म्हणून येऊ लागले. मेलेला मनुष्य उत्तर देत नाही, आणि त्याच्या बाजूने बोलणारा त्याचा संघबंधू असला तर तो पक्षपाती ठरतो.

1883 साली सायमन न्यूकम नावाचे अमेरिकन ज्योतिषी व्हिएन्नास आले. ते जेझुइट नव्हते, कॅथलिकही नव्हते. फादर हेल यांची बाजू घेण्याचे त्यांना काही कारण नव्हते. नव्या वेधशाळेतील मोठी दुर्बीण तपासावी म्हणून ते आले होते. परंतु रात्रीमागून रात्री आकाश ढगाळ. रिकामा वेळ घालवावा म्हणून त्यांनी ती प्रसिद्ध वही मागून घेतली व भिंग घेऊन बसले. आरोप खरा असेल असे समजूनच त्यांनी आरंभ केला होता.

जे आढळले ते असे. जेथे आकडा चाकूने खरवडून काढला आहे असे लित्रो यांचे म्हणणे होते, तेथे कागद खरवडलेला नव्हताच. शाई ओली असतानाच बोटाने पुसून दुरुस्त आकडा लिहिला होता. म्हणजे दुरुस्ती लिहितानाच झाली, कोपनहेगनला गेल्यावर नव्हे. इतर ठिकाणी शाई नीट न उतरल्यामुळे तीच अक्षरे पुन्हा गिरविली होती. आकडा तोच, फक्त रेघ जाड. ज्याने आपल्या देवळातील जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळल्या आहेत त्याला असे गिरविलेले आकडे पानोपानी भेटतात. मात्र न्यूकम यांना एक कोडे पडले. लित्रो जेथे शाई निराळी म्हणतात तेथे ती तीच दिसते, आणि एका किरकोळ जागी उघड उघड निराळी आहे तेथे लित्रो काही म्हणतच नाहीत! हे कसे? त्यांनी वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख एडमुंड वाइस यांस विचारले, लित्रो यांना रंग नीट ओळखता येत असत काय? उत्तर मिळाले की त्यांना तांबडा रंग दिसत नसे. रोहिणीचा तांबूस तारा व शुभ्र तारा यांतील भेद त्यांना कळत नसे.

ज्याला तांबडे कळत नाही त्याने शाईच्या छटेवरून एका धर्मगुरूला लबाड ठरविले, आणि अठ्ठेचाळीस वर्षे कोणीही ती वही उघडून पाहिली नाही! न्यूकम यांनी आपला निकाल त्याच वर्षी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रिकेत छापला, आणि पुढे 1903 साली आत्मचरित्रातही ती हकीकत सांगितली. 1891 साली त्यांनीच अठराव्या शतकातील सर्व वेध पुन्हा हिशेबात घेऊन लंबन काढले ते 8.79 विकला आले. त्या हिशेबात वार्डोचे आकडेही होते.

आम्ही येथे लित्रो यांना दुष्ट म्हणत नाही, आणि श्रोत्यांनीही म्हणू नये अशी विनंती आहे. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. परंतु आपल्या डोळ्यातील उणीव त्यांना ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून ती येथे आड येईल हे सुचले नाही. ज्या निरीक्षकाने शुक्राचा खोटा चंद्र स्वतःच्याच डोळ्यात शोधून काढला, त्याच्यावर असा आरोप यावा, हे आम्हांस ही सर्व हकीकत वाचताना राहून राहून खटकले.

फादर हेल यांनी 1789 साली, युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेल यांच्या सन्मानार्थ त्यांच्या दुर्बिणींची नावे देऊन दोन नवी तारकामंडळे कल्पिली होती. ती आता कोणी मानीत नाही. खुद्द त्यांचे नाव मात्र चंद्रावरील एका विवरास दिलेले आहे. ते सुमारे 33 किलोमीटर रुंद असून चंद्राच्या दक्षिण भागात देलांद्र नावाच्या विस्तीर्ण, झिजलेल्या विवराच्या आत आहे. शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमारास, जेव्हा त्या भागावर सकाळ होते, तेव्हा लहानशा दुर्बिणीतूनही ते दिसते. आपल्या धर्मग्रामातील शाळेत दुर्बीण असेल तर मुलांना अवश्य दाखवावे.